कोडेवाल्या मॅडम आणि डॉ. विशाखा रंगारी

विशाखा गेली त्या दुपारी मी तिच्याजवळच होते. नागपूरच्या दवाखान्यातली ती खोली, पलंगाच्या एका बाजूला तिची धाकटी बहीण रेखा, दुसऱ्या बाजूला मी. नर्सनं यंत्र बंद केलं. रेखा तिचा हात धरून तशीच बसून राहिली. मी कुणाला तरी कळवावं म्हणून व्हरांड्यात आले, मोबाइल उघडला, तर बातमी माझ्याआधी तिथं पोचलेली. रेखाच्या नवऱ्यानं कुणाला तरी फोन केला असणार. आमच्या भंडाऱ्याच्या कॉलेजच्या ग्रुपवर विशाखाचा फोटो, फोटोच्या चारी कोपऱ्यांत चार प्रश्नचिन्हं आणि खाली ओळ : 'सर्वांच्या लाडक्या कोडेवाल्या मॅडम आज एक न सुटणारं कोडं मागे ठेवून गेल्या.' त्याखाली जोडलेल्या हातांची रांगच रांग.

मी रडायला बाहेर आले होते. रडूच येईना. असा संताप आला की हातातला मोबाइल भिंतीवर आपटावासा वाटला. ती गेली तेव्हा पित्ताशयाचा कर्करोग तिच्या यकृतात पसरलेला होता, ती कशानं गेली यात काहीही कोडं नव्हतं. आणि ती फक्त कोडेवाली नव्हती. दुसऱ्या दिवशी पेपरात बातमी आली, 'प्रसिद्ध कोडेकार विशाखा रंगारी यांचे निधन'. नावाआधीचं 'डॉ.' गाळलेलं. बातमीत तिच्या रविवारच्या सदराबद्दल होतं, वाचकांबद्दल होतं, तिच्या हसतमुख स्वभावाबद्दलसुद्धा होतं. गणित हा शब्द एकदाच आला होता : 'गणितासारखा रुक्ष विषय त्यांनी रंजक केला.' जिनं जन्मभर गणित केलं, तिच्या मरणाच्या बातमीत गणिताला रुक्ष म्हणून मोकळे झाले!

आता काही आठवडे झाले. लोक म्हणतात, राग निवू दे, मग लिही. मी मराठी शिकवते, मृत माणसावर कसं लिहावं ते वर्गात सांगते, संयमानं लिहावं, गोड आठवणी सांगाव्यात... ते मला या वेळी जमायचं नाही. राग निवण्याची वाट बघितली तर लिहायचंच राहून जाईल.

आम्ही दोघी एकाच वर्षी कॉलेजात लागलो. नुकताच जिल्हा तुटला होता. गोंदिया वेगळा झाला, आणि इकडच्या माणसांना रोज काहीतरी नवीनच ऐकू यायचं, हे कार्यालय तिकडं गेलं, तो साहेब इकडं राहिला. मी मोहाडीजवळच्या गावातली, घरी धानाची शेती. ती जवाहरनगरची. वडील आयुध निर्माणीत, क्वार्टरमध्ये वाढलेली, पुढं दक्षिणेतल्या एका मोठ्या संस्थेत संशोधन करून डॉक्टरेट घेतलेली. तिथंच राहण्याबद्दल तिला विचारलं होतं. ती परत आली. मी पहिल्याच आठवड्यात तिला विचारलं, "काहून आली वो इकडं? तिकडं राहिली असती तं कुठल्या कुठं गेली असती."

ती म्हणाली, "बाबाची तब्येत बरी नाही राहत. अन् दुसरं म्हणजे, गणिताले कागद अन् पेन लागते. थे भंडाऱ्यात भेटते."

सदराची गोष्ट जिल्हा तुटण्यातूनच निघाली. इथल्या एका दैनिकाच्या भंडारा आवृत्तीत पूर्वेकडच्या, आता गोंदियात गेलेल्या तालुक्यांच्या बातम्या यायच्या, त्या आता दुसऱ्या आवृत्तीत गेल्या. रविवारच्या पुरवणीत एक कोपरा रिकामा पडू लागला. तिथले संपादक आमच्या स्टाफरूममध्ये आले, मला म्हणाले, "मॅडम, कविता-बिविता काही द्या ना, कोपरा खाली पडून राहिला." माझ्याजवळ काही नव्हतं. विशाखा शेजारी बसून चहा पीत होती. ती म्हणाली, "कोडं चालन का?" संपादकांना वाटलं, शब्दकोडं. तिनं तिथल्या तिथं प्रश्नपत्रिकेच्या पाठीमागं लिहून दिलं ते वेगळंच निघालं. वैनगंगेच्या काठावर दोन नावाडी, एक नेहमी खरं बोलणारा, एक नेहमी खोटं बोलणारा, आणि पलीकडं कारध्याला जायचं तर कोणाला काय विचारायचं, अशा धर्तीचं. पुढच्या आठवड्यात संपादक धावत आले. "मॅडम, लोक उत्तर मागून राहिले! फोन थांबत नाही!"

पुढं वीसेक वर्षं ते सदर चाललं. मधल्या खंडाबद्दल सांगतेच. तिच्या कोड्यांत राजे आणि कैदी नसायचे. मोहाडीच्या बाजारातल्या बाया, तहसील कार्यालयाच्या बाहेर दाखल्यासाठी बसलेली माणसं, कारखान्याच्या बसमध्ये एकमेकांच्या जागा धरणारे लोक असायचे. एकदा आम्ही दोघी जवाहरनगरहून तिच्या वडिलांना भेटून बसनं परतत होतो. पुढच्या सीटवर दोन कामगार त्या रविवारच्या कोड्यावरून हमरीतुमरीवर आलेले.

"अरे, तो खोटारडा असन तं 'मी खोटारडा आहो' असं कसा म्हणन तो? थे तं खरं होऊन जाईन ना!"

"मंग लिहिणारीच चुकली असन."

"लिहिणारी कायले चुकन? तू कोडं तं पुरं वाच!"

मी विशाखाला कोपर मारलं, सांग ना त्यांना. तिनं ओठांवर बोट ठेवलं. डोळे असे चमकत होते... लग्नाच्या मांडवात नवरीचे चमकावेत तसे. उतरल्यावर म्हणाली, "शालू, ते दोघं आता अर्धा तास शुद्ध तर्कशास्त्र करून राहिले होते. कोणी त्यायले सांगितलं असतं का हे तर्कशास्त्र आहे, तं उठून दुसऱ्या सीटवर गेले असते."

हा तिचा आनंद होता आणि तो खरा होता. कोड्यांची तिला लाज नव्हती. हे मी ठासून सांगते, कारण आता तिची बाजू घेणारेही काही जण म्हणतात, ती कोडी जाऊ द्या हो, ती किरकोळ होती, तिचं संशोधन बघा. तेही मला मान्य नाही. आमच्या मराठीत लहान मुलांसाठी लिहिणाऱ्या कवीला जसं मोठ्या कवींच्या पंगतीत शेवटी बसवतात, तसाच हा प्रकार. चार माणसांना कळेल असं लिहिलं की माणूस हलका झाला, असं मानणारे लोक सगळ्याच विषयांत असतात. आणि दहा वर्षांत स्वतः एक नवी ओळ न लिहिलेलेच त्यात पुढं असतात.

तिचं संशोधन काय होतं ते मला तिनं एका कोड्यातूनच समजावलं. कोडं जुनंच आहे, जगभर फिरलेलं आहे, असं ती स्वतः सांगायची. फक्त कपाळ आणि कोंडा आपल्याकडचा. मळणी आटोपून दोघी जावा घरी येतात. दोघींच्याही कपाळाला कोंडा चिकटलेला. आरसा नाही. प्रत्येकीला दुसरीचं कपाळ दिसतं, स्वतःचं दिसत नाही. सासू म्हणते, "तुमच्यातल्या निदान एकीच्या कपाळाले कोंडा आहे. सोताचं कोणी सांगू शकते का?" दोघी एकदम म्हणतात, "नाही सांगू शकत." सासू पुन्हा तेच विचारते. आता दोघी एकदम म्हणतात, "माझ्या कपाळाले आहे!"

पहिलीनं असा विचार केला : माझं कपाळ साफ असतं, तर हिला समोर कोंडा दिसलाच नसता, आणि निदान एकीच्या कपाळाला आहे म्हटल्यावर तो आपल्याच, हे हिनं लगेच सांगितलं असतं. ती सांगू शकली नाही. म्हणजे माझ्याही कपाळाला आहे. दुसरीनंही तोच विचार केला. इथवर मला समजलं. मग विशाखानं विचारलं, "आता सांग. एकीच्या तरी कपाळाले कोंडा आहे, हे तं दोघींलेही आधीच दिसून राहिलं होतं. मंग सासूनं नवीन काय सांगितलं?"

उत्तर तिनंच दिलं. ती म्हणाली, "सासू मोठ्यानं बोलली. त्याच्यानं काय झालं, का प्रत्येकीले हे माहीत झालं का दुसरीलेही माहीत आहे. सगळ्यायले माहीत असणं वेगळं, अन् सगळ्यायसमोर बोललं जाणं वेगळं."

तिचं काम याच्या पुढं सुरू होत होतं. त्या दोघींतली एक खोटं बोलत असेल तर? बाया पुष्कळ असतील, आणि कुणाला सासूचं नीट ऐकूच गेलं नसेल तर? किती वेळा विचारलं की सत्य बाहेर येईल, आणि कधी ते कितीही विचारलं तरी येणारच नाही? तिचे शोधनिबंध परदेशातल्या नियतकालिकांत छापून आले. ते वाचून दक्षिणेतले एक नावाजलेले गणिती तिच्याबरोबर काम करायला मुद्दाम भंडाऱ्याला आले. रेल्वेनं भंडारा रोडला उतरले, ऑटोनं कॉलेजात. आमच्या त्या वेळच्या गणित विभागप्रमुखांनी त्यांना चहा पाजला आणि विचारलं, "लेकिन आप यहाँ किससे मिलने आए? जंगल देखने आए होंगे!" ते गृहस्थ म्हणाले, "डॉक्टर रंगारी से." प्रमुख हसले. म्हणाले, "अच्छा, वो पहेलियाँवाली!" त्या गृहस्थांचा चेहरा मला अजून आठवतो. त्यांना वाटलं, आपल्याला हिंदी नीट कळली नाही.

मग बढतीची मुलाखत आली. विद्यापीठानं नेमलेली समिती, त्यात बाहेरून आलेले एक तज्ज्ञ, आणि आमचे हेच विभागप्रमुख. विशाखा आत गेली तेव्हा मी बाहेर बाकावर बसले होते, म्हणून ती बाहेर येताच जे बोलली ते मला जसंच्या तसं आठवतं. तज्ज्ञांनी तिचा निबंध उचलला, वरवर चाळला आणि म्हणाले, "अहो, ही तर पेपरातली कोडी!"

ती म्हणाली, "सर, पेपरात आलं ते कोडं. त्याची सिद्धता इथं आहे. पान उलटा."

त्यांनी पान उलटलं नाही. निबंध टेबलावर ठेवला आणि प्रेमळपणे... हो, प्रेमळपणेच म्हणाले, "तुम्ही लोकप्रिय लिहिता हे चांगलंच आहे. त्यानं तुमच्या समाजात जागृती होईल."

विशाखानं विचारलं, "कोणत्या समाजात, सर? गणितींच्या?"

मुलाखत तिथं संपली. तिचे वडील छप्पन्नच्या पिढीतले. त्यांच्या वडिलांचं बोट धरून धम्मदीक्षेला गेलेले, आणि मुलींना शिकवण्यासाठी कारखान्यात जादा पाळ्या केलेले. संध्याकाळी आम्ही त्यांच्याकडं गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "त्यायनं पान उलटलंच नाही?" विशाखानं मान हलवली.  मग म्हणाले, "न वाचता नापास करते थो मास्तर नसते, बाई."  

निकाल 'शिफारस नाही' असा आला. विभागप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं. मी तेव्हा तिथंच होते, कारण तिनं मला मुद्दाम सोबत नेलं होतं. ते म्हणाले, "मॅडम, तुमच्या भल्याचं सांगतो. ते सदर बंद करा. त्यानं तुमची प्रतिमा हलकी होते. समितीला वाटतं, ही बाई गंभीर नाही. बंद करा, पुढच्या वेळी आपण बघू."

तिनं सदर बंद केलं. मी तिच्याशी भांडले. ती म्हणाली, "एकडाव पाहू दे ना मले. त्यायची अट पुरी करून पाहू दे." वाचकांनी तिला रस्त्यात अडवायला सुरुवात केली. भाजी घेताना, बँकेत, कारध्याच्या पुलावर. "काहून बंद केलं मॅडम? बिमार हाय का?" ती हसून टाळायची. पेपरानं त्या कोपऱ्यात कुठूनतरी विकत आणलेलं आकड्यांचं चौकटकोडं टाकायला सुरुवात केली. या काळात तिनं तिचा सगळ्यात मोठा निबंध लिहिला. तो छापून आला तेव्हा त्या दक्षिणेतल्या गणितींनी फोन करून तिला सांगितलं की या विषयात आता यापुढं तुमचं नाव घेतल्याशिवाय कुणाला पाऊल टाकता येणार नाही. हे मी बाजूला बसून ऐकलेलं आहे.

पुढची मुलाखत झाली. समिती बदललेली, विभागप्रमुख तेच. त्यांनी सांगितलं होतं ते सगळं तिनं केलं होतं. आणि या वेळी काय विचारलं असेल? नव्या तज्ज्ञांनी विचारलं, "मॅडम, पूर्वी तुमचं नाव तरी ऐकू यायचं. सदर वगैरे लिहायचा तुम्ही. अलीकडे काहीच दिसत नाही तुमचं?"

विशाखानं विभागप्रमुखांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

 विशाखा त्या दिवशी बाहेर आली ती हसत. पोट धरून हसत. मला वाटलं, झालं काम. तिनं सगळं सांगितलं, डोळे पुसले आणि म्हणाली, "समजलं का वो शालू? लिहिलं तं हलकी, नाही लिहिलं तं गायब. दोन्ही दारं बंद. आता मले जे करावं वाटते थे करायले मी मोकळी." त्या रविवारी नाही, पण त्याच्या पुढच्या रविवारी सदर परत सुरू झालं. त्यातल्या पहिल्याच कोड्यात दोन दारांसमोर उभी असलेली एक बाई होती. दोन्ही दारांवरचे पहारेकरी खोटारडे. सोडवणाऱ्यांनी भरभरून उत्तरं पाठवली. ते कोडं कशावरून आलं हे फक्त आम्हा दोघींना माहीत होतं. आणि विभागप्रमुखांना, त्यांनी वाचलं असेल तर. पण त्यांना वाचायची सवय नव्हती.

ती शेवटपर्यंत बढतीशिवाय राहिली. तिच्या मागून आलेले पुढं गेले. ते कसे गेले ते लिहायला बसले तर पुरवणी पुरणार नाही. ती रागावत नव्हती असं समजू नका. लोक तिला हसतमुख म्हणतात, कारण लोकांनी तिला रस्त्यात बघितलं. मी तिला घरात बघितलं आहे. एकदा तांदूळ निवडता निवडता तिनं सूप बाजूला सारलं आणि म्हणाली, "मले दोन बाया करून टाकलं त्यायनं. एक कोडेवाली, एक गणितवाली. कोडेवालीले म्हणतात तू गणिती नाही, गणितवालीले म्हणतात तू दिसत नाही. अन् मी एकच आहो ना वो. एकाच डोक्यातून येते हे सारं." तिचा आवाज चढला होता. मग ती उठून चुलीकडं गेली आणि पाठ फिरवून उभी राहिली.

दुखणं कळलं तेव्हा उशीर झाला होता. नागपूरच्या दवाखान्यात तिला ठेवलं, तिथल्या एका तरुण डॉक्टरनं तिचं नाव वाचलं आणि चमकून विचारलं, "तुम्ही त्या कोडेवाल्या मॅडम? मी तुमसरचा! आमच्या घरी रविवारी तुमच्या कोड्यावरून भांडणं व्हायची." मला तिथंही राग आला. ती वेदनेनं वाकलेली, आणि याला कोडी सुचतात! पण विशाखा उठून बसली. म्हणाली, "मंग एक सांगू का?" आणि सांगितलं. तो दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन आला. चुकीचं होतं. ती त्याला म्हणाली, "नाही जमलं. उद्या." तो रोज यायचा. मी म्हटलं, "कायले त्रास घेऊन राहिली तू?" ती म्हणाली, "असू दे वो. माह्यासंग शरीराबद्दल न बोलणारा थो एकटाच माणूस आहे इथं."

त्यानं ते कोडं सोडवलं, पण ती शुद्धीवर नसताना. तिच्या कानाशी वाकून त्यानं उत्तर सांगितलं. तिला ऐकू गेलं की नाही, देव जाणे... मी देव म्हणते, तिला हा शब्द चालला नसता.

कॉलेजात शोकसभा झाली. व्यासपीठावर प्राचार्य, आणि निवृत्त झालेले ते विभागप्रमुख प्रमुख वक्ते म्हणून. तेच. त्यांनी बोलायला सुरुवात केली, "रंगारी मॅडम संशोधनाच्या रुक्ष वाटेला गेल्या नाहीत. त्यांनी समाजासाठी, सामान्य माणसासाठी गणित सोपं केलं. बढती, पद, मान यांचा त्यांना मोह नव्हता..."

मी उभी राहिले. "थांबा, सर."

 प्राचार्य म्हणाले, "मॅडम, आपला नंबर नंतर आहे."

"मला नंबर नको. सर आत्ता खोटं बोलले, म्हणून मी आत्ता बोलते. ती संशोधनाच्या वाटेला गेली होती. तिचे निबंध छापलेले आहेत, ग्रंथालयात आहेत, तुम्ही ते कधी काढून बघितले नाहीत. आणि मोह नव्हता म्हणता? तिनं दोनदा मुलाखत दिली. दोन्ही वेळा तुम्ही त्या खोलीत होता. सदर बंद करा असं तुम्ही तिला माझ्यासमोर सांगितलं. तिनं बंद केलं. मग दिसत नाही म्हणून तिला नाकारलं, तेव्हा तुम्ही खिडकीबाहेर बघत बसलात."

प्राचार्य म्हणाले, "ही वेळ नाही, मॅडम."

"कोणती वेळ आहे मग? ती जिवंत होती तेव्हा ती वेळ नव्हती. आता ती गेली, आताही नाही. कधी असते ती वेळ?"

विभागप्रमुख चष्मा काढून पुसत राहिले. मला वाटलं, मी एकटीच उभी आहे, आता बसावं. तेवढ्यात मागच्या बाजूनं गणिताचा तरुण प्राध्यापक प्रणय उभा राहिला. त्याची नोकरी अजून कायम व्हायची आहे. तो चाचरत म्हणाला, "शालिनी मॅडम बोलल्या ते खरं आहे. विभागात आम्हा सगळ्यांना माहीत होतं." मग त्याच्या शेजारची एक बाई. मग ग्रंथपाल. कुणी काही मोठं बोललं नाही. फक्त, हो, आम्हाला माहीत होतं... हो, मलाही. मला समाधान वाटलं असं कुणाला वाटत असेल तर चूक आहे. माझा राग दुप्पट झाला. इतक्या जणांना माहीत होतं! इतक्या जणांना माहीत होतं, आणि ती बाई वीस वर्षं त्यांच्यात बसून चहा पीत होती.

सभा संपली. चहा झाला, बिस्किटं झाली. पुढच्या आठवड्यात कॉलेजनं ठरवलं, मॅडमच्या स्मरणार्थ दरवर्षी शालेय मुलांसाठी कोडे-स्पर्धा. मी प्राचार्यांना भेटले. म्हटलं, स्पर्धा घ्या, ती तिला आवडली असती, पण तिच्या नावानं गणिताचं एक व्याख्यानही ठेवा, बाहेरचा गणिती बोलवा. प्राचार्य म्हणाले, "त्याला कोण येणार, मॅडम? लोकांना कोडीच माहीत आहेत." मी उठून आले. अर्ज पुन्हा दिला आहे. पुन्हा देईन. माझ्या निवृत्तीला अजून अवकाश आहे, तोवर देत राहीन.

गेल्या शनिवारी दुपारी कॉलेज सुटल्यावर मी जिन्यावरून उतरत होते. गणित विभागाच्या टोकाच्या वर्गातून भांडणाचा आवाज आला. शनिवारी दुपारी तो वर्ग विशाखाचा असायचा. वेळापत्रकात नसलेला, कुणी न सांगता घेतलेला, एम.एस्सी.ची चार-पाच मुलं आणि ती. आता तिथं कोण असेल म्हणून मी डोकावले. तीच मुलं. निकिता नावाची मोहाडीकडची मुलगी फळ्यासमोर खडू घेऊन उभी, आणि तिच्या हातात विशाखाचा तो मोठा निबंध, कोपरे दुमडलेला, समासात पेन्सिलीच्या खुणाच खुणा. ती मागच्या मुलावर ओरडत होती, "मॅडमनं लिहिलं म्हणून मी काहून मानू? इथं त्या म्हणतात, हे उघडच आहे. उघड नाही ना! मधली एक पायरी सुटून राहिली. सिद्ध कर, नाहीतं बस खाली!"

मला बघून ती दचकली. मेलेल्या बाईंची चूक काढताना पकडले गेलो असं वाटलं असणार. म्हणाली, "मॅडम, आम्ही अनादर नाही करून राहिलो..."

मी म्हटलं, "सापडली का पायरी?"

"नाही ना. दोन शनिवार झाले. निबंध चूक नाही, असं वाटते मले. पण त्यायनं जे उघड म्हटलं, थे आमच्यासाठी उघड नाही."

विशाखा गेल्यापासून तिच्याबद्दल मी पुष्कळ काही ऐकलं होतं. लाडक्या, हसतमुख, निर्मोही. तिचं पान उलटून, वाचून, तिच्याशी भांडणारं कुणी मला पहिल्यांदाच भेटत होतं.

शिपाई कुलूप घेऊन आला. म्हणाला, "मॅडम, बंद करायचं आहे. परवानगी नाही यायच्याजवळ."

"परवानगी माझी," मी म्हटलं. ती देण्याचा मला काही अधिकार नाही. "मी बसले आहे. मी निघेन तेव्हा लावा."

निकितानं विचारलं, "मॅडम, तुम्हाले समजन का हे?"

"नाही समजणार. तुम्ही भांडा."

मी शेवटच्या बाकावर बसले. तिनं फळा पुसला आणि पहिल्यापासून मांडायला सुरुवात केली.